दहावी चिठ्ठी

अमरावतीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार येते, मी तिची जुनी तार काढते, नवी गुंडाळते (याला आम्ही मोटार भरणं म्हणतो), वार्निश लावून सुकवते आणि मालकाला फोन करते. बाई हे काम करते म्हणून पहिल्या वर्षी लोक नुसते बघायला यायचे. आता बघायला कोणी येत नाही, घासाघीस करायला येतात. मोटार नेण्याआधी प्रत्येक गिऱ्हाईक ती दुकानातच चालवून बघतं. आवाज काहून येते, गरम काहून होते, पाणी उचलेल ना. मला राग येतो आणि मी तो लपवत नाही. पण त्यांचंही चुकत नाही, आधी कोणीतरी त्यांना फसवलेलं असतं.

एकच माणूस मोटार न चालवता न्यायचा. नांदगाव खंडेश्वरकडचा शेतकरी, झेंडू आणि शेवंती लावणारा. पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचा आणि माल खपला की गावाकडे परतताना माझ्याकडे डोकावायचा. पहिल्यांदा त्याची पाण्याची मोटार भरून दिली तेव्हा मी म्हटलं, "थांबा भाऊ, चालू करून दाखवते."

"तुमी म्हनलं ना झालं म्हनून?" तो म्हणाला.

"हो, झालं."

"मंग झालं."

मोटार खांद्यावर टाकून तो निघून गेला. त्या दिवशी मी इतकी खूश होते की घरी जाऊन दोनदा ही गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्र.

आमची भिशी सुरू झाली ती या दुकानातच. अकोटच्या एका कापूस जिनिंगवाल्या शेठच्या मोटारी वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. माझं माहेर अकोटजवळचंच, त्यामुळे शेठशी माहेरचंही नातं. त्यांचे साडू अकोल्याला कॉम्प्युटर शिकवतात, त्यांना आम्ही सर म्हणतो. एके दिवशी दोघं आले. बिटकॉइन काढायची सहा जुनी मशिनं स्वस्तात मिळतायत, जिनिंगची एक शेड रिकामी आहे, वीज शेठ आपल्या कारखान्याच्या दरानं देतील, दहा जणांनी मिळून घेऊ या, असा बेत होता. मशिनं गरम होतात, फ्यूज उडतात, ते बघायला माझ्यासारखी कोणीतरी हवी होती. फुलवाले भाऊ त्या वेळी स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण ऐकत होते.

सरांनी शिकवणीच घेतली. त्याला खाणकाम म्हणतात, पण खणायचं काही नसतं. जगभरातली मशिनं एक कोडं सोडवत बसतात आणि ज्याचं सुटतं त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. सहा मशिनांचं कोडं जन्मात सुटत नाही, म्हणून हजारो लोक आपापली मशिनं एका गटात लावतात आणि आलेलं बक्षीस कामाप्रमाणे वाटून घेतात. आपला वाटा ठरलेल्या पत्त्यावर आपोआप जमा होतो. तो पत्ता, त्यात किती आलं, किती वाजता आलं, हे कोणालाही फोनवर बघता येतं. "यात कोणावर भरवसा ठेवावाच लागत नाही," सर म्हणाले. "सगळं यंत्र तपासतं."

"मंग आपन दहा जनं काहून लागतो?" भाऊंनी विचारलं.

मी हसले आणि भाऊंना म्हटलं, या तुम्हीही. असे ते दहावे झाले.

वाटणीचा प्रश्न आला तेव्हा आम्ही वऱ्हाडी माणसांनी तेच केलं जे आम्हाला येतं. महिन्याची नाणी दहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या हातात चुरा येणार, शिवाय दर वेळी पाठवायचा खर्च वेगळा. त्यापेक्षा भिशी. दर महिन्याला दहाही जणांनी विजेच्या बिलाचा सारखा वाटा भरायचा आणि त्या महिन्याची सगळी नाणी एकाच्या पत्त्यावर जाऊ द्यायची. नंबर चिठ्ठीनं. नियम एकच, जो आमच्या आयांच्या भिशीत होता तोच: भिशी उचलली तरी शेवटच्या माणसाचा नंबर लागेपर्यंत भरत राहायचं. हे कागदावर कोणी लिहिलं नाही, कारण हे लिहावं लागतं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

चिठ्ठ्या शेडमध्येच उचलल्या. भाऊंना तिसरा नंबर लागला, ऑक्टोबरचा. मला दहावा, म्हणजे मे.

भाऊंना त्या पैशातून मालवाहू तीनचाकी घ्यायची होती. त्यांची फुलं गावातल्या दुसऱ्याच्या गाडीतून यायची आणि तो गाडीवाला आपल्या सोयीनं निघायचा. कधी सहाला, कधी साडेसातला. "फुलाले सकाळ एकच असते ताई," ते म्हणायचे. आठच्या पुढे पोचलेला झेंडू ढोरांपुढे टाकायचा. दसऱ्याला स्वतःच्या गाडीत फुलं आणायची, एवढाच त्यांचा हट्ट होता.

नेमक्या त्याच दिवसांत माझ्या गाळ्याच्या मालकानं गाळा विकायला काढला. मला म्हणाला, तुला घ्यायचा तर महिनाभरात इसार दे, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. दुकान गेलं असतं तर मी मोटारी कुठे भरणार होते, घराच्या ओट्यावर? मी चार ठिकाणी विचारलं. शेवटी भाऊ चहा पीत बसले असताना माझ्या तोंडून निघून गेलं की माझा नंबर तिसरा असता तर बरं झालं असतं.

"घ्या ना मंग," ते म्हणाले. "दसऱ्याले मायाजवळ झेंडूचे पैसे येतेच. गाडी पुढच्या दसऱ्याच्या आंधी झाली म्हनजे झालं."

"भाऊ, विचार करा. मे महिना शेवटचा आहे."

"शेवटचा असो का पहिला. येतेच ना?"

ऑक्टोबरची नाणी माझ्या पत्त्यावर आली. ती विकून, सरकारचा कर वजा जाऊन जे उरलं त्यात इसार भागला. आज मी ज्या गाळ्यात बसते तो त्या माणसाच्या नंबरावर उभा आहे, हे मी एकदाही विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सोपं गेलं असतं.

एप्रिलच्या उत्तरार्धात बक्षीस अर्धं झालं. ते दर चार वर्षांनी होतच असतं आणि सरांना ते पहिल्यापासून माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं होतं की नाणी कमी निघाली की भाव दुप्पट होतो, त्यामुळे काही बिघडत नाही. ते ऐकून शेठनी मान डोलावली होती, याचं मला आजही नवल वाटतं. ज्यानं जन्म कापसात काढला त्याला तरी कळायला हवं होतं. पीक निम्मं आलं म्हणून कापसाला कधी दुप्पट भाव मिळाला? भाव जिथे होता तिथेच बसून राहिला. आता विजेवर शंभर रुपये घालावेत तर साठ-सत्तरची नाणी हातात येत होती. नऊ जणांची भिशी उचलून झाली होती. राहिला होता फक्त मे महिना आणि तो होता भाऊंचा.

त्यात मे महिना अकोटचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाराला मशिनं तापून आपोआप बंद पडायची, ती थेट सूर्य कलल्यावर चालू व्हायची. म्हणजे अर्ध्या बक्षिसात पुन्हा अर्धा दिवस गेला. मी एसटीनं अकोटला गेले आणि ठरवलं, कूलर लावायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाला कूलर, दुभत्या म्हशीला कूलर, मांडवात घामेजलेल्या नवरदेवाला कूलर. मशिनांनी काय घोडं मारलं होतं?

सरांनी फोनवर सांगितलं, दमट हवा इलेक्ट्रॉनिक्सला चालत नाही. मी म्हटलं, "सर, मोटारी तुम्ही भरता की मी भरते? मे महिन्यात वऱ्हाडात दमट हवा कुठून येणार?" त्या मुद्द्यापुरती मी बरोबरच होते, म्हणून तर पुढे घात झाला.

शेठनी ऑफिसचे तीन मोठे लोखंडी कूलर दिले. मी त्यांना गवताच्या नव्या ताट्या बसवल्या आणि कूलर मशिनांपासून हातभर अंतरावर मांडले. शेडच्या म्हाताऱ्या चौकीदारानं पाइप हातात धरून विचारलं, "बाई, नळाचं भरू का बोरचं?"

"बोरचं भरा काका. प्यायचं पाणी मशीनले कोनी देते का?"

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवते. माझं माहेर खारपाणपट्ट्यात आहे. तिथलं जमिनीतलं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आठवडाभरात माठाच्या पोटावर पांढरं मीठ फुटतं. नळाचं गोडं पाणी येईल त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं आणि ते फक्त प्यायला, स्वयंपाकाला वापरायचं, हे मला बोलायला यायच्या आधीपासून माहीत आहे. गोडं पाणी वाया घालवणाऱ्या सुनेला आमच्याकडे पाहुण्यांसमोर बोल लावतात. पुण्याच्या कोणी ती मशिनं सांभाळली असती तर त्यानं जे पाणी हाताला लागलं ते ओतलं असतं आणि कदाचित सगळं वाचलंही असतं. मी शहाण्यासारखं गोडं पाणी वाचवलं.

पहिले चार दिवस मशिनं छान चालली. मी भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि सरांना टोमणाही मारला. दहाव्या दिवशी शेठचा फोन आला की दोन बंद पडली. मी पोचेपर्यंत चार गेली होती. झाकण उघडलं तर आतल्या सर्किटच्या पाट्यांवर पांढरी साय धरली होती आणि सांध्यांवर हिरवा गंज. कूलरचे बारीक तुषार आत खेचले गेले होते, पाणी उडून गेलं होतं आणि मीठ मागे राहिलं होतं. मला एका नजरेत कळलं. माहेरचा माठ मी कसा ओळखणार नाही?

मी झाकणं बंद केली आणि ग्रुपवर लिहिलं: जुनी मशिनं, उन्हानं गेली.

का लिहिलं असं? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही. सरांना टोमणा मारून आठवडाही झाला नव्हता. आणि ज्याचं नुकसान झालं होतं तो एकच माणूस होता, ज्यानं माझा शब्द कधी तपासला नव्हता.

ग्रुपवर फार चर्चा झाली नाही. शेठ म्हणाले, आता चालवण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनीही तेच म्हटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि त्यांचं कोणाचंच जळत नव्हतं, नऊ जणांच्या पदरात पडून झालं होतं. मे महिन्यात तोवर जे जमलं ते भाऊंचं आणि भिशी संपली असं ठरत आलं. भाऊंनी एकच शब्द टाकला: "बरं." त्यांचं ते बरं वाचून मला राहवलं नाही. मी लिहिलं की उरलेली दोन मशिनं मी माझ्या दुकानात आणते, माझ्या बिलावर चालवते, आणि मला ऑक्टोबरात जेवढी नाणी मिळाली तेवढी भाऊंच्या पत्त्यावर पोचेपर्यंत बंद करत नाही. सरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकीच्यांनी अंगठे दाखवले. मला त्या अंगठ्यांचा फार संताप आला, पण मला बोलायला तोंड कुठे होतं.

मशिनं दुकानात आणली आणि एक दिवस चालवली. संध्याकाळी मीटर बघितलं, फोनवर नाण्यांचा चुरा बघितला आणि हसू आलं. दुकानाच्या दरानं वीज जाळून जितकं नाणं निघत होतं, त्याच पैशात बाजारातून सरळ विकत घेतलं तर तिप्पट येत होतं. घरी दूध काढण्यापेक्षा डेअरीवरून आणलेलं स्वस्त पडावं तसा हा धंदा झाला होता. मी मशिनं बंद केली, वर जुनी चादर टाकली आणि ठरवलं की दर आठवड्याला आपल्या कमाईतून नाणी विकत घ्यायची आणि भाऊंना पाठवायची. त्यांना नाणी मिळाल्याशी मतलब. कुठून आली त्यानं काय फरक पडतो?

माझं दुकान सोमवारी बंद असतं, त्या दिवशी मी निवांत बसून पाठवायचे. जून गेला, जुलै गेला. गाळ्याचे हप्ते भरून उरलेलं सगळं तिकडे जात होतं. घरच्यांना मी धंदा मंदा आहे म्हणून सांगितलं. भाऊ बाजारातून येताना पूर्वीसारखे डोकवायचे, चहा प्यायचे. चादरीकडे त्यांनी कधी बघितलं नाही, असं मला वाटायचं. दर वेळी जाताना विचारायचे, "चालू हायेत ना मशीन?" आणि मी म्हणायचे, "चालू आहेत भाऊ, मागच्या खोलीत." मागे खोलीच नाही माझ्या दुकानाला.

ऑगस्टच्या शेवटी ऑक्टोबरएवढा आकडा पुरा झाला. शेवटचा हप्ता पाठवला त्या सोमवारी मी देवळात जाऊन आले. दुसऱ्या दिवशी भाऊ आले. मी मोटार उघडून बसले होते. त्यांनी चहा घेतला नाही. सरळ कोपऱ्यात गेले, चादर उचलली आणि मशीनवर तळहात ठेवला. मग त्यांनी झाकण काढून आत बोट घातलं, पाटीवरची पांढरी साय नखानं खरवडली आणि जिभेला लावली.

"खारं हाये," ते म्हणाले.

मी हातातली तार खाली ठेवली.

"ते चार मशीन उन्हानं नाई गेले ताई."

"नाही गेली. मी कूलरला बोरचं पाणी भरायला लावलं." एकदा तोंड उघडल्यावर मी सगळं सांगितलं. काका पाइप धरून कसे विचारत होते, मी काय म्हटलं, झाकण उघडल्यावर काय दिसलं, ग्रुपवर खोटं का लिहिलं. आणि मशिनं एकच दिवस चालवली हेही.

"ते मले जूनपासूनच माहीत हाये," ते म्हणाले. "आंधी नानी यायची तं सकायीच यायची, रोज एकाच टायमाले. आकडा कसाबी वाकडातिकडा. जूनपासून दुपारी येऊन राह्यली, अन् फक्त सोमवारी. मशीनले सोमवारची सुट्टी कायची? सुट्टी तुमच्या दुकानाले असते." त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. एकाखाली एक सोमवार. "अन् हे पाहा, शेवटी सारे शून्य. मशीन असा पुरा आकडा पाठोत नसते."

मी मोटारींची जाणकार, आणि पाटीत फुलं मोजणाऱ्या माणसानं मला ओळीनं वाचलं होतं. सर म्हणाले होते ते खरंच होतं, त्या पैशात सगळं सगळ्यांना दिसतं. फक्त बघणारा हवा.

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाह्यली. तीन महिने दर येळी इचारलं ना, चालू हायेत ना म्हनून."

मला वाटत होतं तो चहाबरोबरचा प्रश्न आहे. तो माणूस मला दर आठवड्याला एक दार उघडून देत होता आणि मी ते दर आठवड्याला लावून घेत होते.

"भाऊ, नाणी तर पुरी दिली ना मी तुम्हाला?" हे मी रागानं म्हटलं. चूक आपली असली की मला राग जास्त येतो.

"देल्ली. जास्त देल्ली." ते स्टुलावर बसले आणि एकेक गोष्ट बोटावर घेत शांतपणे बोलले. नंबर बदलला तो त्यांनी आपल्या मर्जीनं. बक्षीस जगात सगळ्यांचंच अर्धं झालं, ते दहाव्या नंबराचं नशीब, त्याची भरपाई ताईंनी काहून करावी? कूलरचं पाणी मात्र ताईंचं. म्हणजे अर्धं त्यांचं आणि अर्धं माझं. मग तिथेच बसून त्यांनी फोनवर काहीतरी केलं. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. आलेल्या नाण्यांतली बरोबर निम्मी माझ्या पत्त्यावर परत आली होती.

"हे नका करू भाऊ. तुमची गाडी?"

"गाडी जुनी घेऊ." ते उठले. "बाकीच्यायले काय सांगाचं ते तुमचं तुमी पाहा. पन एक सांगतो ताई. मी नंबर बदलला तवा मशीनवर भरवसा ठून नोता बदलला."

ते गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडले. पैशासाठी नाही. पैसे तर परत आले होते.

त्याच दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. मीठ, बोरचं पाणी, सोमवार, काही सोडलं नाही. मला वाटलं, लोक तुटून पडतील. तसं काही झालं नाही. शेठनी लिहिलं की कूलर तर मीच दिले होते. सरांनी लिहिलं, होतं असं. त्यांनी थोडं तरी रागवायला हवं होतं असं मला वाटलं. पण त्यांचं काही गेलंच नव्हतं आणि ज्याचं गेलं होतं त्याचं बोलून झालं होतं.

गणपतीनंतर नवी भिशी सुरू झाली, या वेळी साध्या रुपयांची. मशिनं भंगारात गेली. शेठनी विचारलं, दहा जण कायम ना? नऊ जणांनी हो म्हटलं. भाऊंनी लिहिलं, "यंदा मले जमत नाई." त्यांना न जमण्यासारखा हप्ता नव्हता तो. मी त्यांना फोन केला नाही. काय म्हणून करणार होते?

दसऱ्याच्या चार दिवस आधी दुकानासमोर एक जुनी मालवाहू तीनचाकी येऊन थांबली. परतवाड्याहून घेतली म्हणाले. रंग उडालेला, एका बाजूला चेपलेली, पण टायर चांगले. सेल्फ लागत नव्हता, ढकलून चालू करावी लागायची.

"दसऱ्याच्या पहाटी ढकलाले कोन भेटते?" भाऊ म्हणाले. "पाहा बरं काय होते ते."

ते माझ्याकडेच आले याचा मला इतका आनंद झाला की मी हातातलं काम बाजूला सारून सेल्फची मोटार उतरवली. आतली तार जळालेली होती. मी नवी भरली, ब्रश बदलले, जोड दोन-दोनदा तपासले, वार्निश घाईनं न सुकवता पूर्ण सुकू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बसवून त्यांना फोन केला. इतकं जीव लावून मी स्वतःच्या घराचीही मोटार भरली नसेल.

ते आले. मी म्हटलं, "झालं भाऊ."

त्यांनी किती झाले विचारलं. मी नको म्हटलं तर ऐकलं नाही, नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. मग गाडीत बसले. मला वाटलं, आता निघतील.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्यांनी ते बंद केलं. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा लागलं. पुन्हा बंद केलं. थोडा वेळ कान देऊन बसले आणि तिसऱ्यांदा सेल्फ मारून पाहिला.

"झालं," ते म्हणाले, आणि गेले.